पान सत्याऐंशीची मालकीण

लिहून ठेवणार भगवंत जनार्दन सावे, वय वर्षे चौसष्ट, धंदा पूर्वी शिक्षकी व हल्ली कादंबरीलेखन, राहणार बेटेगाव, तालुका पालघर, जिल्हा ठाणे. कारणे हे मृत्युपत्र लिहितो ते असे की, माझी बुद्धी शाबूत आहे, हात थरथरत नाही, मला कोणी धाक घातलेला नाही की भुलवलेले नाही. हृदय मात्र बिघडले आहे. पालघरच्या डॉक्टरांनी "जिने चढू नका, रागावू नका" असे बजावले. माझ्या घराला जिना नाही. रागाबद्दल मी त्यांना काही कबूल केलेले नाही.

वकिलांनी मृत्युपत्राचा नमुना दिला होता. त्यात रागाला जागाच ठेवलेली नाही, म्हणून तो नमुना बाजूला ठेवला आणि माझ्या पद्धतीने लिहितो आहे. यापूर्वी सन १९५९ साली एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. त्यात सर्व काही माझी पत्नी इंदुबाई हिला दिले होते. ती चार वर्षांपूर्वी माझ्या आधी गेली, तेही मला न विचारता.

कलम पहिले. बेटेगावचे राहते घर, मागची विहीर व दोन चिकूची झाडे माझा पुतण्या चंद्रभान यास द्यावीत. चंद्रभान चिंचणीला असतो आणि सोनारांसाठी डाय, म्हणजे दागिन्यांचे ठसे, कोरतो. पोलादाच्या ठोकळ्यात मोहरीएवढे फूल कोरताना तो चार चार तास मान वर करत नाही आणि त्याला कोणी हाक मारत नाही. हात हलला तर ठोकळा फुकट जातो हे सगळ्या चिंचणीला ठाऊक आहे. कादंबरी लिहिणाऱ्याचा हात हलला तर काय फुकट जाते हे मात्र बेटेगावात आजवर एकालाही कळलेले नाही.

मागच्या खोलीत साखरबाई व तिचा नवरा मारुती जगदाळे हे भाडेकरू आहेत. मारुती तारापूरच्या अणुशक्तीच्या बांधकामावर आहे. त्यांना चंद्रभानने काढू नये. साखरबाईचा स्टोव्ह पहाटे पाचला, म्हणजे नेमका मी लिहायला बसतो तेव्हा, फरफरू लागतो. तिला मी हजारदा सांगितले. ती म्हणते, "गुरुजी, मानसं कामाला जात्यात, त्येंला भाकरी नगं का?" यावर मला उत्तर सुचलेले नाही, म्हणून तिला राहू द्यावे.

कलम दुसरे. माझे लिहायचे डेस्क, शाईची दौत आणि काळे फाउंटन पेन हेही चंद्रभानला. त्याने ते वापरावे, पण दार उघडे ठेवून वापरू नये. माझे सगळे आयुष्य उघड्या दाराने खाल्ले. शाळेत असताना संध्याकाळी आणि निवृत्तीनंतर दिवसभर, मी डेस्कासमोर बसलो की कोणीतरी उंबऱ्याशी उभे राही. इंदुबाई होती तोवर ती त्यांना अंगणात बसवून कोरा चहा देई आणि म्हणे, "थांबा जरा, ते लिहितायत." ती गेल्यावर अंगण आणि उंबरा यांच्यात कोणी उरले नाही. लोक सरळ आत येतात आणि म्हणतात, "गुरुजी, लिवताच हाय तर माजा बी येक कागद लिवा."

"लिवताच हाय तर!" हे शब्द मी बावीस वर्षे ऐकले. जशी काही माझ्या हातातून शाई वाहतेच आहे, तेव्हा त्यांनी आपले भांडे खाली धरले तर माझे काय जाते. जंगलखात्याला अर्ज, मामलेदाराला अर्ज, मुंबईला गेलेल्या मुलाला पत्र, न परतलेल्या जावयाला दम. माझी नायिका जमना विहिरीच्या काठावर एक पाय टाकून उभी असे आणि मी लिहीत असे, 'मेहेरबान मामलेदारसाहेब यांचे सेवेशी'. एकदा ती तशी पावणेदोन महिने उभी होती.

येथे लेखन थांबले. साखरबाई जेवायला बोलवायला आली होती. तिला बाहेर जा म्हटले. ती "गार हुतंय" म्हणून तिथेच उभी राहिली. जेवलो.

कलम तिसरे. माझा एकुलता एक छापलेला कथासंग्रह, त्याच्या न खपलेल्या प्रती माळ्यावर आहेत. त्या कोणाला द्याव्यात हे मला सुचत नाही, कारण फुकट मिळाल्या तरी कोणी घेतलेल्या नाहीत. वाळवीने निम्म्या वाचल्या आहेत, उरलेल्या तिलाच द्याव्यात. दिवाळी अंकाच्या ज्या संपादकांनी माझी कथा शेवटची चार पाने कापून छापली आणि वर 'शेवट सूचक ठेवला आहे' असे कळवले, त्यांना माझ्या मृत्यूची बातमी कळवू नये. त्यांनी ती सूचकतेने ओळखावी.

साभार परत आलेल्या हस्तलिखितांची पाकिटे सुका लाडक्या धोडी याला द्यावीत. सुका माझा विद्यार्थी, आता टपाल वाटतो. परत आलेले जाड पाकीट तो गावभर ऐकू जाईल असे "गुरुजी, टपाल!" ओरडून देतो. प्रत्येक पाकीट त्यानेच उन्हातून वाहिले आहे, तेव्हा त्यावर माझ्याइतकाच त्याचाही हक्क आहे.

कलम चौथे. आता कादंबरी. तिला अजून नाव नाही, शेवट नाही. दोनशे एकतीस पाने आहेत. ती कशावर लिहिली आहेत हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. इंदुबाईला ठाऊक होते. ती म्हणाली होती, "हे बरं नाही." मी म्हणालो, "तुला काय कळतं?" तिला सगळे कळत होते.

बेटेगावच्या वरच्या पाड्यांवर वारली कुटुंबे आहेत. त्यांच्या कुडाच्या घरात कागद टिकत नाही. धूर, उंदीर, वाळवी आणि पावसात छपरातून गळणारे पाणी. म्हणून कचेरीचा शिक्का मारून मिळालेली अर्जाची प्रत ते माझ्याकडे ठेवून जात. मी ती पत्र्याच्या ट्रंकेत ठेवी. त्यांना वाचता येत नसे, म्हणून प्रत्येकजण आपल्या कागदाच्या कोपऱ्यात कोळशाने खूण काढी. कोणाचा ताड, कोणाचा मोर, कोणाची फणी. जिवल्या वरठ्याने भात साठवायची कणगी काढली होती. लागेल तेव्हा आपली खूण सांगून कागद न्यायचा, असा रिवाज पडला. 'कागद गुरुजींकडे आहे' म्हटले की पाड्यावर लोक निश्चिंत झोपत.

आणि ते सगळे कागद पाठकोरे होते. सन १९५१ मध्ये एकदा अर्ज लिहिताना जमनाचे एक वाक्य सुचले. हाताशी दुसरा कागद नव्हता. अर्ज उलटा केला आणि वाक्य लिहून ठेवले. मग त्याखाली दुसरे. मनात म्हटले, तुम्ही माझा वेळ घेता ना, मी तुमच्या कागदाची पाठ घेतो, फिटंफाट. पुढे हट्टच धरला. ज्याने मला उठवले त्याच्याच कागदावर, तो गेल्यावर, सुटलेले वाक्य पुरे करायचे. सोळा वर्षांत ट्रंकेतला एकही कागद पाठकोरा राहिला नाही. म्हणजे लोकांची जमीन, जंगलातला हक्क, वारस यांचे पुरावे एका बाजूला आणि माझी जमना दुसऱ्या बाजूला. ट्रंकेतून उचलून मी ते माझ्या पानांच्या क्रमाने लावले. कोणाचा कागद कुठे आहे हे शोधायला आता माझी कादंबरी वाचावी लागते.

कलम पाचवे. हे कलम मी तीनदा लिहिले आणि तीनदा फाडले. आता एकदाच लिहितो.

जिवल्या मेला त्याला सहा वर्षे झाली. त्याची बायको ठमी त्यांची दोन एकर भातजमीन कसत होती. कुळकायद्याने ती तिची व्हायची होती. त्यासाठी जिवल्या पूर्वीपासून कूळ होता असा पुरावा हवा होता आणि तो पुरावा एकच, सन १९५६ चा शिक्का मारलेला जिवल्याचा अर्ज. अर्ज मीच लिहिला होता आणि कणगीची खूण असलेली त्याची प्रत माझ्याकडे होती.

शनिवार, ता. २ सप्टेंबर रोजी ठमी नोटीस घेऊन आली. मी ती तिला वाचून दाखवली. मंगळवारी, पाच तारखेला, पालघरला सुनावणी, पुराव्यासह हजर राहावे. ठमी म्हणाली, "माजा कनगीचा कागद दे." (वारली माणूस साहेबालाही एकेरीच बोलतो, त्यात उद्धटपणा नसतो.) मी डेस्काशी बसलो होतो. दुसऱ्या दिवशी मुंबईहून एक प्रकाशक कादंबरी पाहायला येणार होते. बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणी येणार होते. पाने लावून ठेवली होती आणि कणगीचा कागद, म्हणजे माझे पान सत्याऐंशी, वाचत होतो. जमनाचा भाऊ बाहेरून हाका मारतो आणि ती दार उघडत नाही, तो प्रसंग. चौदा वेळा लिहिलेला.

मी म्हणालो, "सापडत नाही. खाली कुठंतरी गेलाय. बुधवारी ये."

"बोलावलाय मंगळवारी."

"साहेबाला सांग, कागद गुरुजींकडे आहे. पुढची तारीख देतील. तारीख पडतेच."

ती थोडी उभी राहिली आणि गेली.

प्रकाशकांची अडचण नको म्हणून मी असे केले, हे मी स्वतःला दोन महिने सांगितले. ते खोटे आहे. पान उतरवून घ्यायला पाऊण तास लागला असता. खरे कारण असे की, तो कागद कचेरीत गेला असता आणि तिथल्या कारकुनाने उलटून पाहिला असता. तोही माझाच विद्यार्थी. मग गुरुजी लोकांच्या पुराव्यावर गोष्टी लिहितात हे तालुकाभर झाले असते. मला लाज वाटली. माझ्या लाजेची किंमत दोन एकर होती आणि ती मी दुसऱ्याच्या खिशातून भरली.

ठमी मंगळवारी चालत बोईसरला गेली, गाडीने पालघरला गेली आणि साहेबाला सांगितले की कागद गुरुजींकडे आहे. साहेबांनी विचारले, "कोण गुरुजी?" तारीख पडली नाही. 'अर्जदार पुरावा सादर करू शकली नाही' असा हुकूम अठ्ठावीस सप्टेंबरला झाला. ऑक्टोबरात जमीनमालकाची माणसे आली आणि तिने लावलेले भात त्यांनी कापून नेले. मी ते रस्त्यावरून पाहिले. त्यानंतर ठमी कागद मागायला पुन्हा आली नाही. ती विसरली असेल, अशी मी माझी समजूत घातली.

प्रकाशक आले होते, तेही लिहितो. त्यांनी दहा पाने चाळली, साखरबाईच्या हातची थालीपीठे खाल्ली आणि म्हणाले, "जमना वगैरे जुनं झालं. तुमच्या शेजारी एवढं अणुकेंद्र उभं राहतंय, त्यावर काहीतरी झणझणीत द्या." ते चारच्या गाडीने गेले. या गृहस्थांसाठी मी काय केले ते वर लिहिलेच आहे.

कलम सहावे. म्हणून माझी शेवटची इच्छा अशी. कादंबरीचे हस्तलिखित म्हणून जे काही आहे ते माझ्या मालकीचे नाही. माझ्या मृत्यूनंतर चंद्रभानने एकेक पान उलटे करावे, कोपऱ्यातली खूण पाहावी आणि ज्याचे त्याला पोचवावे. पुढे कोणा शहाण्याला ही कादंबरी छापायची झाली, तर त्याने पाड्यावर घरोघर जावे, उंबऱ्याशी उभे राहावे आणि "आपला कागद क्षणभर बघायला द्याल का?" असे विचारावे. घरचे माणूस नाचणी दळत असेल तर दळण होईपर्यंत त्याने थांबावे. मध्येच हाक मारू नये.

चिंचणीच्या भातशेतीत माझा जो तिसरा हिस्सा आहे, त्याचे भात दरवर्षी ठमीच्या कणगीत जावे. तिच्या दाव्याचा खर्च माझ्या पोस्टातल्या शिल्लकेतून व्हावा. पान सत्याऐंशी, म्हणजे जिवल्याचा अर्ज, माझ्या मृत्यूनंतर ठमीच्या हाती द्यावा. चंद्रभानने तिला घेऊन अपील करावे. अपिलाची मुदत हुकुमापासून साठ दिवसांची, ती सोमवार, ता. २७ नोव्हेंबरला संपते. मुदत टळली असल्यास उशिराची माफी मागावी व कारण द्यावे की, कागद ज्याच्याकडे होता तो इसम मयत आहे.

येथे मृत्युपत्र संपवून सही करणार होतो. पुढचा मजकूर त्यानंतरचा आहे.

साक्षीसाठी सुका टपालाची पिशवी घेऊन आला. साक्षीदाराने फक्त माझी सही पाहायची असते, मजकूर वाचायचा नसतो, असे मी त्याला सांगितले. पण वाचायला त्याला मीच शिकवले आहे. त्याने उभ्या उभ्या सहावे कलम वाचले. मग पाचवे वाचले. मी "सुका, पुरे" म्हटले, तरी वाचले.

"गुरुजी, सोमवारी मुदत सरते."

"माहीत आहे. वर लिहिलंय."

"मंग तुमी सोमवारच्या आत मरनार हाय का?"

चाळीस वर्षांत विद्यार्थ्याने मला असा प्रश्न केला नव्हता. मला संताप आला, डॉक्टरांनी मना केलेला तोच संताप, आणि मी ओरडलो की चालता हो. तो पिशवी तिथेच टाकून चालता झाला. साखरबाई स्टोव्ह बंद करून दारात आली. ती म्हणाली, "पोरानं काय खोटं इचारलं?" तिलाही जा म्हटले. ती गेली नाही.

तासाभराने सुका परत आला तेव्हा त्याच्या मागे ठमी होती. हाताला गवताचा रस लागलेला, विळा कमरेला तसाच. आता ती दुसऱ्याच्या गवतावर मजुरीला जाते. ती उंबऱ्याशी उभी राहिली. मी तिला आत बोलावले आणि पाचवे कलम मोठ्याने वाचून दाखवले. एकही शब्द गाळला नाही. तिने शेवटपर्यंत ऐकले.

मग म्हणाली, "मना ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"तवाच पाहिला. कागद तुझ्या हातानच होता. कनगी दिसली मना."

मी विचारले, "मग बोलली का नाहीस?"

"तू नाय बोलला. तू गुरुजी. मी काय बोलू?" आणि तिने हात पुढे केला. "आता दे."

मी मृत्युपत्रे, कथा, अर्ज मिळून हजारो पाने लिहिली असतील. या बाईने अडीच महिने माझे खोटे आपल्या पोटात ठेवले, स्वतःचे भात कापले जाताना पाहिले, आणि माझी मान खाली जाऊ दिली नाही. असे पात्र मला बावीस वर्षांत लिहिता आले नाही. माझी जमना तिच्यापुढे रडकी पोर आहे. मी माझ्यावर जितका रागावलो आहे तितका या गावातल्या कोणावर कधी रागावलो नव्हतो, हे मी शुद्धीवर असताना लिहून ठेवतो.

कोऱ्या कागदावर, एकाच बाजूला, अपिलाचा अर्ज लिहिला. त्यात खाली स्वतःचे प्रतिज्ञापत्र जोडले आहे की, सदर पुरावा मी, भगवंत जनार्दन सावे याने, जाणूनबुजून दडवून ठेवला होता. सुकाने बाकीच्या पाड्यांना निरोप द्यायचे कबूल केले आहे. परवापासून लोकांनी येऊन आपापली खूण सांगावी व कागद न्यावा. मी दार उघडे ठेवून बसेन.

तरी सहाव्या कलमातील पान सत्याऐंशी व हस्तलिखित यांच्या वाटपाचा मजकूर रद्द समजावा. त्यासाठी मी मरण्याची गरज उरलेली नाही. भात व पोस्टातली शिल्लक यांबद्दलचा मजकूर कायम आहे.

पान सत्याऐंशी आज दुपारी तीन वाजता तिच्या हाती दिले. तिने ते उलटून पाहिले नाही, कणगी पाहिली आणि पदरात बांधले. वकिलाला गाठायला चारच्या गाडीने पालघरला जायचे आहे. मीही बरोबर जात आहे. मागची बाजू उतरवून घ्यायला पाऊण तास लागला असता. उतरवून घेतली नाही.

येणेप्रमाणे मृत्युपत्र राजीखुशीने, पण घाईत लिहून ठेवले.

सही: भगवंत जनार्दन सावे

समोर हजर असलेले साक्षीदार:
१. सुका लाडक्या धोडी, टपालवाटप, बेटेगाव
२. साखरबाई मारुती जगदाळे, भाडेकरू, बेटेगाव

ठमी जिवल्या वरठा हिचा अंगठा येथे घेतलेला नाही, कारण जिला काही मिळायचे आहे तिने साक्ष द्यायची नसते. (सुकाच्या साभार परत पाकिटांना मिळकत कोणी म्हणणार नाही.) ती बाहेर अंगणात उभी आहे आणि गाडी चुकेल म्हणून हाका मारते आहे.

मुक्काम बेटेगाव, गुरुवार, ता. २३ नोव्हेंबर १९६७.